आर्पाद वाइस : एका फुटबॉल प्रशिक्षकाची पुसलेली नोंद

इटलीच्या फुटबॉल लीगचे अजिंक्यपद मिळवून देणारा सर्वांत तरुण प्रशिक्षक कोण, या प्रश्नाचे जे उत्तर १९३० साली होते तेच आजही आहे. आर्पाद वाइस हे त्यांचे नाव. त्या वेळी त्यांचे वय ३४ होते. पुढे त्यांनी बोलोन्या या शहराच्या संघाला आणखी दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. इतके असूनही महायुद्धानंतरची सुमारे ६० वर्षे इटलीतील सर्वसामान्य फुटबॉलप्रेमीला हे नाव ठाऊक नव्हते. ज्या शहराने त्यांच्यामुळे मिरवणुका काढल्या, त्या शहरालाही त्यांचे पुढे काय झाले याची खबर नव्हती.

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने एका परदेशी खेळाडूवर लेख का लिहावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. दुसरे महायुद्ध शिकवताना आम्ही वर्गात आकडा सांगतो : ६० लाख ज्यू मारले गेले. विद्यार्थी आकडा वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. तोच इतिहास एका माणसाच्या नावाने सांगितला की वर्ग शांत होतो. सायंकाळी मैदानावर चेंडू खेळणारी मुले तर प्रश्न घेऊन येतात. वाइस यांच्या चरित्राचा दुसरा धागा थेट शाळेशी, शाळेच्या पटाशी आणि पटावरून कमी केलेल्या नावांशी जोडलेला आहे. तो पुढे येईलच.

आर्पाद वाइस यांचा जन्म १६ एप्रिल १८९६ रोजी हंगेरीतील शोल्त या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू समाज मराठी वाचकाला अगदीच परका नाही. कोकणात घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायली मराठीच बोलत. युरोपातील ज्यूंची स्थिती मात्र निराळी होती. तेथे त्यांच्याविषयीचा द्वेष शतकानुशतके मुरलेला होता आणि विसाव्या शतकात त्याला कायद्याचे रूप येऊ लागले होते. त्याची सुरुवात जर्मनीत झाली असे आपण समजतो. वास्तविक १९२० सालीच हंगेरीने विद्यापीठांतील प्रवेशासाठी एक कायदा केला. कोणत्याही वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्या वंशाच्या लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक असू नये, असे त्यात म्हटले होते. मजकुरात ज्यूंचे नाव नव्हते, रोख मात्र त्यांच्यावरच होता. त्यांच्या वाट्याला सुमारे ६ टक्के जागा आल्या. येथे आमच्या वाचकांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. आपल्या राज्यघटनेतील राखीव जागा म्हणजे बंद दरवाजा उघडण्यासाठी दिलेली किमान हमी आहे. हंगेरीची टक्केवारी म्हणजे उघड्या दरवाजाला घातलेली कमाल मर्यादा होती. दोन्हीकडे आकडा दिसतो म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांना १९२० चा हा कायदा दाखवावा.

वाइस डाव्या बाजूने खेळणारे आघाडीचे खेळाडू. बुडापेस्टच्या तोरेकवेश या संघातून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते आणि इटालियन सैन्याच्या हाती सापडून सिसिली बेटावरील त्रापानी येथे त्यांना कैदेत राहावे लागले. म्हणजे ज्या देशात पुढे त्यांनी कीर्ती मिळवली, त्या देशाशी त्यांची पहिली ओळख युद्धकैदी म्हणून झाली. युद्धानंतर ते हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संघातही त्यांची निवड झाली होती, पण प्रत्यक्ष मैदानात उतरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्या स्पर्धेत बलाढ्य मानल्या गेलेल्या हंगेरीला इजिप्तने ३-० असे हरवले, एवढे जाता जाता सांगावेसे वाटते.

त्या काळी मध्य युरोपात हंगेरीच्या खेळाडूंची ख्याती मोठी होती, पण मायदेशात व्यावसायिक लीग १९२६ पर्यंत सुरू झाली नव्हती. खेळावर पोट भरायचे तर देश सोडणे भाग होते. वाइस आधी चेकोस्लोव्हाकियात ब्रनो शहराच्या मक्काबी संघाकडे गेले. हा ज्यूंचा संघ होता. ज्यू म्हणजे दुबळा, पुस्तकात डोके घालून बसणारा, हा समज खोडून काढण्यासाठी त्या काळात युरोपभर मक्काबी नावाने क्रीडामंडळे निघाली होती. दुबळेपणाचा शिक्का ज्या समाजावर मारला जातो, त्याला आपले शरीरही सिद्ध करून दाखवावे लागते. हे आमच्या वाचकांना अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

१९२४ मध्ये वाइस इटलीत पादोवा संघाकडे आणि पुढच्या वर्षी मिलान शहरातील इंटर संघाकडे आले. दुखापतीमुळे त्यांचे खेळणे लवकरच थांबले. परदेशात एकट्याने राहणाऱ्या तिशीतील खेळाडूला हा मोठाच आघात. १९२६ साली मुसोलिनीच्या राजवटीत इटलीच्या फुटबॉलसाठी नवी नियमावली आली आणि तिने परदेशी खेळाडूंना टप्प्याटप्प्याने बंदी केली. प्रशिक्षकांना ती लागू नव्हती. परक्याचे पाय नकोत, परक्याचे डोके मात्र चालेल, असा तो प्रकार होता. त्या फटीतून वाइस प्रशिक्षक झाले आणि १९२६ सालीच इंटर संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

वाइस यांचे मोठेपण कशात होते, हे पाहण्यासाठी जुझेप्पे मेआत्सा याचे उदाहरण पुरेसे आहे. मेआत्साचे वडील पहिल्या महायुद्धात गेले. आई मिलानच्या बाजारात फळे-भाजी विकत असे. पोरगा काटकुळा होता. शहरातील दुसऱ्या मोठ्या संघाने, म्हणजे मिलानने, अंगकाठी पाहूनच त्याला नाकारले होते. वाइस यांनी १९२७ मध्ये या १७ वर्षांच्या मुलाला इंटरच्या मुख्य संघात घेतले. नुसते घेतले नाही, तर त्याला वेगळा वेळ देऊन घडवले. भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव त्याच्याकडून तासन्‌तास करून घेतला जाई, दुबळा पायही भक्कम व्हावा म्हणून, असे सांगतात. १९२९-३० च्या हंगामात मेआत्साने ३१ गोल केले. पुढे तो इटलीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, १९३४ आणि १९३८ असे दोन विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत होता, आणि आज मिलानचे प्रसिद्ध सान सिरो मैदान अधिकृतरीत्या त्याच्या नावाने ओळखले जाते. बाजारात बसणाऱ्या विधवेच्या मुलात हे सारे आहे, हे ओळखणारी नजर एका परदेशी माणसाची होती.

इटलीत प्रशिक्षक तेव्हा कोट घालून मैदानाच्या कडेला उभे राहत. वाइस खेळाडूंसारखा पोशाख करून त्यांच्याबरोबर मैदानात उतरत. आहार, व्यायाम, वैद्यकीय तपासणी, सामन्यापूर्वीची विश्रांती या सर्व बाबींची त्यांनी शिस्त लावली. दक्षिण अमेरिकेत जाऊन तेथील खेळाची पद्धतही त्यांनी पाहिली होती. १९३० मध्ये आल्दो मोलिनारी यांच्यासह त्यांनी ‘फुटबॉलचा खेळ’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले. इटलीला दोन विश्वचषक मिळवून देणारे विख्यात प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोत्सो यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी वाइस यांच्या संघाने अजिंक्यपद पटकावले. देशभरातील संघ एकाच गटात एकमेकांशी खेळण्याची आजची पद्धत १९२९-३० पासून सुरू झाली. त्या पहिल्याच हंगामाचे ते विजेते. संघाचे नाव मात्र तेव्हा ‘इंटर’ राहिले नव्हते. ‘आंतरराष्ट्रीय’ असा अर्थ असलेले नाव फॅसिस्टांना खपत नव्हते, म्हणून १९२८ मध्ये ते बदलून ‘अँब्रोझियाना’ करण्यात आले होते. नावापासून सुरू झालेली ही सफाई माणसांपर्यंत यायला दहा वर्षे लागली.

मधल्या काळात बारी, पुन्हा मिलान आणि नोवारा असा प्रवास करून वाइस जानेवारी १९३५ मध्ये बोलोन्याला आले. तेव्हा इटलीत युव्हेंटस संघाचा दबदबा होता. त्यांनी लागोपाठ पाच अजिंक्यपदे जिंकली होती. ती मालिका वाइस यांच्या बोलोन्याने १९३५-३६ मध्ये तोडली. संपूर्ण हंगामात त्यांनी अवघे १४ खेळाडू वापरले. आजचा एखादा संघ एका सामन्यातच १४ खेळाडू मैदानात उतरवतो, त्यावरून त्यांच्या तयारीची कल्पना यावी. पुढच्या वर्षी अजिंक्यपद पुन्हा बोलोन्याकडेच राहिले. १९३७ च्या जूनमध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बोलोन्याने लंडनच्या चेल्सीला ४-१ असे नमवले. फुटबॉलचे जनक म्हणवणाऱ्या इंग्रजांचा असा पराभव ही त्या काळी खळबळजनक घटना होती.

वाइस आता चाळिशीत होते. पत्नी एलेना, १९३० मध्ये जन्मलेला रॉबेर्तो आणि १९३४ मध्ये जन्मलेली क्लारा असे त्यांचे कुटुंब. मुले इटलीत वाढली, इटालियन शाळेत गेली.

१९ जून १९३८ रोजी इटलीने दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. महिना उलटण्यापूर्वीच, जुलैच्या मध्यात, ‘इटालियन वंशा’च्या शुद्धतेचा पुकारा करणारा जाहीरनामा काही विद्वानांच्या नावाने प्रसिद्ध झाला. २२ ऑगस्ट रोजी ज्यूंची स्वतंत्र गणना करण्यात आली. देशात त्यांचे प्रमाण दर हजारी एकाच्या आसपास होते. एवढ्या लहान समाजापासून राष्ट्राला कसला धोका, असा प्रश्न कोणी उघडपणे विचारला नाही.

पहिला वार शाळेवर झाला, हे आम्हाला विशेष नोंदवावेसे वाटते. ५ सप्टेंबर १९३८ च्या हुकुमाने ज्यू शिक्षकांना सर्व सरकारी शाळा-महाविद्यालयांतून काढण्यात आले आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रवेश बंद झाले. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा भरण्याच्या बेतात होत्या. आठ वर्षांच्या रॉबेर्तोसाठी नवे वर्ष उजाडलेच नाही. दोन दिवसांनी, ७ सप्टेंबरला, परदेशी ज्यूंविषयीचा हुकूम निघाला. १ जानेवारी १९१९ नंतर इटलीत येऊन राहिलेल्या परदेशी ज्यूंनी सहा महिन्यांत देश सोडावा, असा तो हुकूम. ज्यू कोणाला म्हणावे याची व्याख्याही त्यात होती : आईवडील दोघेही ज्यू वंशाचे असतील तर ती व्यक्ती ज्यू, मग ती अन्य धर्म का पाळीत असेना. श्रद्धा बदलली तरी सुटका नाही. जन्म हाच निकष. जन्मावर माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था कोणत्याही खंडात उभी राहिली तरी तिची व्याख्या याच वळणाची असते.

१६ ऑक्टोबर १९३८ रोजी बोलोन्याने लाझिओला २-० असे हरवले. बोलोन्याचे प्रशिक्षक म्हणून वाइस यांचा हा शेवटचा सामना. त्यानंतर हर्मान फेल्स्नर हे ऑस्ट्रियन प्रशिक्षक त्यांच्या जागी आले. बोलोन्याने त्या हंगामाचे अजिंक्यपदही जिंकले. संघ वाइस यांनी घडवलेला, हंगामाची सुरुवात त्यांनी करून दिलेली. पण नोंद फेल्स्नर यांच्या नावे झाली. कशासाठी गेले, कोठे गेले, याविषयी वृत्तपत्रांनी वाच्यता केली नाही. तीन अजिंक्यपदे जिंकलेला माणूस शहरातून निघून गेला आणि पुढच्या रविवारी स्टेडियम नेहमीप्रमाणे भरले. या सर्व प्रक्रियेत जमाव फारसा दिसत नाही. दिसतात ते अर्ज, तक्ते, शिक्के आणि कारकून. अन्याय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठ्या आणि दगड येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कार्यालयातील टेबलाकडेही तितक्याच सावधपणे पाहायला शिकले पाहिजे.

जानेवारी १९३९ मध्ये वाइस कुटुंब पॅरिसला गेले. तेथे काम मिळेना. अखेर हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट या लहान शहराच्या संघाने त्यांना बोलावले. मिलान आणि बोलोन्याची भव्य मैदाने कोठे आणि हौशी खेळाडूंचा हा छोटा संघ कोठे! त्या वर्षी संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. वाइस यांनी त्याला वाचवले, आणि पुढच्या दोन्ही हंगामांत तो पाचव्या स्थानापर्यंत पोहोचला. रॉटरडॅमच्या नामांकित फेयेनूर्डलाही त्याने हरवले. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या या पोरांना वाइस यांनी मेआत्साला शिकवले तेच शिकवले. त्यांच्या कारकिर्दीतील हे यश चषकांच्या यादीत येत नाही. आम्हाला ते सर्वांत मोठे वाटते.

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. १९४१ च्या उन्हाळ्याअखेर ज्यू मुलांना सर्वसाधारण शाळांत बसण्यास मनाई झाली. इटलीत घडले तेच पुन्हा. फरक इतकाच की या वेळी क्लाराही शाळेच्या वयाची होती. त्याच सप्टेंबरात ज्यूंना सार्वजनिक ठिकाणी, क्रीडांगणांवरही, जाण्यास बंदी झाली आणि वाइस यांचे काम सुटले. कुंपणाच्या फटीतून ते आपल्या संघाचे सामने पाहत, अशी आठवण सांगितली जाते. १९४२ च्या मे महिन्यापासून कपड्यावर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले.

ऑगस्ट १९४२ मध्ये या कुटुंबाला पकडून वेस्टरबोर्कच्या छावणीत नेण्यात आले. हॉलंडमधून पूर्वेकडे पाठवलेल्या लाखभर ज्यूंपैकी बहुतेकांचा प्रवास या छावणीतून झाला. २ ऑक्टोबर १९४२ रोजी वाइस कुटुंबाला गाडीत चढवण्यात आले. ऑशविट्झच्या अलीकडे कोझेल येथे गाडी थांबवून कामाला लावता येतील असे पुरुष उतरवून घेत. वाइस यांना तेथे उतरवले. गाडी पुढे गेली. एलेना, बारा वर्षांचा रॉबेर्तो आणि आठ वर्षांची क्लारा यांना ५ ऑक्टोबर रोजी ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. खेळाडूचे कणखर शरीर असल्याने वाइस वेठबिगारीत सव्वा वर्षाहून अधिक काळ तगले. ३१ जानेवारी १९४४ रोजी ऑशविट्झ येथे त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

वाइस यांच्यासारखे देशोदेशी गेलेले हंगेरीचे ज्यू खेळाडू-प्रशिक्षक आणखीही होते. एर्नो एर्बस्टाईन यांनाही इटली सोडावी लागली. ते वाचले, परत आले, तोरिनोचा थोर संघ घडवला आणि ४ मे १९४९ रोजी त्याच संघासह विमान अपघातात गेले. बेला गुटमान वाचले आणि पोर्तुगालच्या बेन्फिकाला त्यांनी १९६१ व १९६२ असे दोनदा युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले. वाइस वाचले असते तर काय घडले असते, हा प्रश्न इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. तरी तो मनात येतोच.

युद्ध संपल्यानंतर इटलीत त्यांचे नाव कोणी काढले नाही. ज्या राजवटीने त्यांना हाकलले ती गेली, पण ज्यांनी मुकाट्याने पाहिले ते बहुतेक जागच्या जागी होते आणि त्यांना हा विषय उकरायचा नव्हता. बोलोन्याचे पत्रकार मात्तेओ मारानी यांनी अनेक वर्षे शोध घेऊन २००७ मध्ये वाइस यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे देशाला ही कथा कळली. २००९ मध्ये बोलोन्याच्या स्टेडियममध्ये आणि २०१२ मध्ये मिलानच्या सान सिरो मैदानात त्यांच्या स्मरणार्थ फलक बसवण्यात आले.

मारानी यांना धागा कोठे सापडला हे शिक्षक म्हणून आम्हाला फार मोलाचे वाटते. फुटबॉलच्या दप्तरात फारसे काही हाती लागेना. प्रशिक्षकाला शाळेत जाणाऱ्या वयाचा मुलगा होता, एवढी एक गोष्ट माहीत होती. तेव्हा बोलोन्याच्या प्राथमिक शाळांचे जुने कागद धुंडाळण्यात आले आणि त्यांत रॉबेर्तो वाइस हे नाव निघाले. त्या नोंदीवरून कुटुंबाचा माग लागत गेला. ज्या शाळाव्यवस्थेने मुलाला बाहेर काढले, तिच्याच कागदांनी तो तेथे होता ही साक्ष दिली. आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर कपाटात कुलपाखाली असते. त्यातील कित्येक नावांसमोर ‘घराण्यात प्रथमच शाळेत’ असे लिहिता आले असते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी स्वतःची नोंद पाहायला येतो, तेव्हा ते जड रजिस्टर आम्ही स्वतः उचलून टेबलावर ठेवतो.

त्या शोधातून रॉबेर्तोचा बोलोन्यातील एक बालमित्रही भेटला, एव्हाना वृद्ध झालेला. रॉबेर्तोने देश सोडल्यानंतर पाठवलेली पत्रे त्याने जपून ठेवली होती. काही काळाने पत्रे येणे थांबले होते, आणि का थांबले हे त्याला कोणी सांगितले नव्हते.